नाव झाकून वाचलेले निबंध

माझी मुलगी तिसरीत असतानाची गोष्ट. आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहतो. तिथल्या प्राथमिक शाळेत पालकभेट म्हणजे जेमतेम दहा मिनिटांचं काम. दारावर वेळांचा कागद चिकटवलेला, बाहेर बाकावर पुढचे आईबाप कोट मांडीवर घेऊन बसलेले आणि आत मुलांच्याच बुटक्या खुर्च्या. मी गुडघे जुळवून कशीबशी बसले. समोर मुलीच्या वर्गशिक्षिका होत्या. उंच, आखूड पांढऱ्या केसांच्या, निवृत्तीला आलेल्या. आधी आईबापांना आणि आता त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या. वाचन बरं आहे, लिहिताना घाई करते, असं सांगून त्या गणितावर आल्या आणि हसल्या.

"गणिताची काळजीच नको. ते तुम्हा भारतीयांच्या रक्तातच असतं."

मला बरं वाटलं. सायकलवरून घरी येताना ते वाक्य मी मनात घोळवलंसुद्धा. नवऱ्याला सांगितलं, तर तो कांदा चिरता चिरता म्हणाला, "कुणाच्या रक्तात? इंजिनिअरिंगला गणिताचा एम-थ्री पेपर दोनदा राहिला होता माझा."

आम्ही खूप हसलो. ते हसू दोन दिवस टिकलं.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर इरिट्रियाहून आलेलं एक कुटुंब राहतं. आई आणि मुलगी, दोघीच. आई वृद्धाश्रमात काम करते. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात, आणि तिच्या आईची पाळी संपेपर्यंत दोघी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गृहपाठ करायच्या. मी घरून काम करत असले की शेजारीच लॅपटॉप घेऊन बसायचे, त्यामुळे मला सगळं दिसायचं. माझी लेक पेन्सिलीला टोक काढेपर्यंत त्या मुलीची अर्धी गणितं झालेली असायची. उरलेल्या वेळात ती माझ्या लेकीला समजावायची. रक्ताचं म्हणाल तर हे असं होतं.

तिसऱ्या दिवशी तिची आई तिला न्यायला आली ती कोट न काढताच खुर्चीत बसली. तिचीही पालकभेट झाली होती. मी चहा टाकला.

"काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं.

"फार गोड बोलल्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, मुलीवर ताण देऊ नका. मिटेलशूलेसुद्धा चांगलीच शाळा असते."

"पण गणितात तर ती..."

"गणिताचं काही बोलल्याच नाहीत."

बायर्न या आमच्या राज्यात राहणाऱ्या कुणालाही हे वाक्य काय आहे ते लगेच कळेल. इथे चौथीच्या गुणांवर मुलांच्या वाटा ठरतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांत चांगले गुण असले की गिम्नाझिउम, म्हणजे पुढे थेट विद्यापीठ. त्याच्या खाली रेआलशूले. आणि बाकीच्यांसाठी मिटेलशूले. वाटा नंतर बदलता येतात, पण दहा वर्षांच्या पोराला एकदा सांगितलं की तू या खोलीतला, की ते पोर त्या खोलीचं होऊन जातं. आणि इथे तर मुलगी अजून तिसरीतच होती.

मला ते वाक्य ओळखीचं वाटत होतं. मी नागपूरची. आम्ही बौद्ध. पाचवीत नव्या शाळेत गेले तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंनी हजेरी घेताना माझ्या आडनावापाशी थांबून मान वर केली आणि चष्म्यावरून पाहिलं. पुढे स्कॉलरशिपसाठी नावं घेतली तेव्हा त्याच बाई अगदी मायेने म्हणाल्या होत्या, "तू राहू दे गं. उगीच डोक्याला ताप." माझी आई महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. संध्याकाळी मी रडतेय हे पाहून ती म्हणाली, "रडून काय राहिली? उद्या मी येते, आणि तू स्कॉलरशिपला बसतेस." ती आली, आणि मी बसले.

आता तीच मी, तोच रंग, तेच आडनाव. पण इथे ते आडनाव कुणाला वाचता येत नाही. इथे मी भारतीय, म्हणजे कॉम्प्युटर, म्हणजे गणित. तिथे ज्या नजरेने मला खाली ढकललं होतं, तीच नजर इथे माझ्या मुलीला हात देऊन वर घेत होती. आणि तळमजल्यावरच्या मुलीला नाही. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "बाईंनी केलेलं कौतुक मला परत करायचंय." तो म्हणाला, "कसं करणार?" ते मला माहीत नव्हतं.

चौथीच्या सुरुवातीला मी शाळेच्या एल्टर्नबायराटमध्ये, म्हणजे पालक समितीत निवडून आले. निवडून आले म्हणजे काय, तर "कोण तयार आहे?" असं विचारल्यावर सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले आणि मी बघितलं नाही. पहिल्याच बैठकीनंतर मुख्याध्यापिकांनी मला थांबवून घेतलं. त्या चाळिशीच्या, चटपटीत, बोलताना सतत किल्ल्या हातात खेळवणाऱ्या.

"आमच्या तीन शाळांनी मिळून एक गट केलाय," त्या म्हणाल्या. "आमची, उत्तरेकडची एक आणि कालव्यापलीकडची एक. परदेशी नावांची मुलं पुढच्या चांगल्या शाळांत फार कमी जातात. तिन्हीकडे तेच चित्र आहे. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच मोहल्ल्याचा प्रश्न आहे. तुम्ही याल का?"

मी गेले. कालव्यापलीकडच्या शाळेच्या वाचनालयात बैठक होती. तिन्ही मुख्याध्यापिका, चौथीचे शिक्षक, काही पालक. कॉफीचा थर्मास, बटर लावलेले ब्रेत्सेल पाव. भिंतीवर तिन्ही शाळांचे आलेख शेजारी शेजारी दाखवले. नावं काढून शाळा ओळखा म्हटलं असतं तर ओळखता आल्या नसत्या, इतके सारखे. मग सूचना सुरू झाल्या. माहितीपत्रकांचं भाषांतर करू. पालकांसाठी संध्याकाळ ठेवू. आई-वडिलांनी घरी जर्मन बोलावं असं सांगू. प्रत्येक उपायात कमी कुठेतरी मुलाच्या घरीच होती.

मी हात वर केला. माझं जर्मन ऑफिसात चालतं, कारण तिथे सगळे अडले की इंग्रजीत जातात. इथे तसं नव्हतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी येईपर्यंत मी दोनदा अडखळले.

"आमच्याकडे दहावीच्या बोर्डाच्या पेपरवर नाव लिहीत नाहीत," मी म्हणाले. "नुसता बैठक क्रमांक असतो. तपासणारा दुसऱ्याच शाळेचा असतो. आपण तिन्ही शाळांनी मिळून एकदा तसं करून पाहिलं तर?"

माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका समोरच बसल्या होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"म्हणजे मी नाव बघून गुण देते, असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही," मी म्हणाले. "मी नाव बघते, असं माझं म्हणणं आहे. कुणीही बघतं. मी वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काम करते. नवं स्कॅनर आलं की त्याच्या प्रतिमा डॉक्टरांना दाखवतो, पण कुठली प्रतिमा नव्या यंत्राची आणि कुठली जुन्याची, ते सांगत नाही. डॉक्टर लबाड असतात म्हणून नाही. डोळ्याला जे माहीत असतं ते डोळा बघतो, म्हणून."

"मुलं म्हणजे स्कॅनर नाहीत."

"नाहीतच," मी म्हणाले. आणि मग, ठरवलं नव्हतं तरी, मी त्यांना नागपूरच्या त्या हजेरीबद्दल सांगितलं. आडनाव म्हणजे काय, ते आमच्याकडे काय काय सांगतं, बाई कशा मायेने बोलल्या होत्या, सगळं. व्याकरणाची पार वाट लागली होती.

उत्तरेकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, एक अगदी कोरड्या विनोदाच्या बाई, चष्मा पुसत म्हणाल्या, "नावंच नाहीत म्हणजे डाटेनशुट्झचाही प्रश्न नाही. या इमारतीत पहिल्यांदाच अशी कल्पना आली आहे जी माहिती-संरक्षणाच्या नियमात बसते." सगळे हसले, आणि त्या हसण्यात ठराव झाला. माझ्या मुलीच्या बाई मात्र हसल्या नाहीत. पण त्यांनी विरोधातही हात वर केला नाही.

ठरलं ते असं. तिन्ही शाळांतली चौथीची मुलं एकाच सकाळी, एकाच चित्रावरून गोष्ट लिहितील. चित्रात बर्फात पडलेला एक हातमोजा होता. वर्गशिक्षिका नेहमीसारखे गुण देतील, निकालात तेच धरले जातील. पण त्याच गोष्टी नावं काढून, नुसते क्रमांक घालून, दुसऱ्या दोन शाळांचे शिक्षकही वाचतील. मग दोन्ही शेजारी ठेवून बोलायचं. गणिताच्या एका चाचणीचंही तसंच.

अक्षरावरून मूल ओळखता येतं, म्हणून गोष्टी टाइप करायच्या होत्या. ते काम पालकांनी घेतलं, आणि कुणीही आपल्या शाळेचा गठ्ठा घ्यायचा नाही असं ठरलं. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही वाचनालयात बसायचो. पहिल्या गुरुवारी तासभर टाइप केल्यावर माझ्या लक्षात आलं की मुलांनी केलेल्या चुका पडद्यावर दिसतच नाहीयेत. कॉम्प्युटर आपणहून शुद्धलेखन दुरुस्त करत होता! सगळं पुसून, ती सोय बंद करून, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्याची चूक जशीच्या तशी लिहिणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. बोटं आपोआप बरोबर लिहायला जातात. आणि माझी गंमत अशी, की कित्येकदा मुलाने लिहिलेलं मला बरोबरच वाटायचं. तळमजल्यावरच्या मुलीची आई आता माझी मैत्रीण झाली होती, ती शेजारी बसून टाइप करायची. ती म्हणायची, "थांब, इथे चूक आहे, ती राहू दे," आणि आम्ही दोघी कोशात बघून ती खरंच चूक आहे ना याची खात्री करायचो.

आमच्यासोबत एक तुर्की आजोबा होते. नातू कालव्यापलीकडच्या शाळेत. एका बोटाने टाइप करायचे, पण एकही गुरुवार चुकवला नाही. एकदा कॉफी पिताना त्यांनी सांगितलं की ते लहान असताना त्यांच्या शिक्षकांनी त्यांच्या वडिलांना सांगितलं होतं, या मुलाचे हात चांगले आहेत. "मग मी जन्मभर हातांनी काम केलं," ते म्हणाले. "वाईट गेलं नाही. घर झालं, मुलं शिकली. पण डोकं कसं आहे ते कुणी बघितलंच नाही." आणि पुन्हा एका बोटाने सुरू झाले.

ख्रिसमसच्या आधी निकालाची बैठक झाली. सगळीकडे मोठा अन्याय सापडेल असं मला वाटलं होतं, आणि तसं काही झालं नाही. पुष्कळ गोष्टींना दोन्हीकडे सारखेच गुण होते. गणितात तर जवळजवळ सगळेच. पण गणिताच्या उत्तरपत्रिका एकत्र पाहताना दुसरंच काही दिसलं. तिन्ही शाळांतली खूप मुलं एकाच गणितात, अगदी एकाच पद्धतीने चुकली होती. जर्मनमध्ये किंमत 'ऊम' पाच वाढवा म्हणजे पाचाने वाढवा, आणि 'आउफ' पाच वाढवा म्हणजे पाचावर न्या. ज्या घरात जर्मन बोलत नाहीत तिथल्या मुलांना हा फरक कुणी शिकवलाच नव्हता. हिशेब बरोबर, शब्द चुकलेला. तळमजल्यावरची आमची गणितज्ञही तिथेच अडली होती. एका शाळेत हे दिसलं असतं तर मूल कच्चं आहे म्हणून सोडून दिलं असतं. तीन शाळांत मिळून दिसलं, तेव्हा शिक्षकच एकमेकांकडे बघायला लागले. "हे आपण शिकवत नाही," एक तरुण शिक्षक म्हणाला. "आपण धरून चालतो."

निबंधांत मात्र काही ठिकाणी अंतर होतं. फार नव्हतं, पण होतं ते बहुतेक एकाच बाजूला. माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका उठून उभ्या राहिल्या. हातात एक टाइप केलेला कागद होता.

"ही माझ्या वर्गातली गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "मी हिला चार दिले. बाहेरच्या दोघांनी दोन दिले. मला राग आला. म्हणून मी काल हा टाइप केलेला कागद पुन्हा वाचला." जर्मनीत गुणांचा क्रम उलटा, एक सगळ्यात वरचा. "त्यांचं बरोबर आहे. या गोष्टीत तो हातमोजाच बोलतो, आपल्याला शोधायला कुणी येईल का म्हणून. पहिल्यांदा वाचताना मला ते दिसलंच नाही. मी चुका मोजत होते."

त्या खाली बसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते योग्यच झालं. मी शेजारी पाहिलं. मैत्रीण ताठ बसली होती आणि तिचे ओठ किंचित हलत होते. हातमोजा बोलतो, हे तिने ओळखलं होतं. मुलीने घरी तिला ती गोष्ट सांगितली होती.

बैठक संपल्यावर बाहेर, सायकली लावतात तिथे, बाईंनी मला गाठलं.

"तुम्हालाही एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीच्या गोष्टीला मी दोन दिले होते. बाहेरच्या एकाने तीन, दुसऱ्याने तर तीनच्याही खाली. मी तीही पुन्हा वाचली. तिथे मी चुका माफ करत गेले होते. हुशार मुलगी आहे, घाईत राहिलं असेल, असं म्हणत."

थंडी कडाक्याची होती. मी हातमोजे घालत होते की काढत होते, मला आठवत नाही.

"यापुढे मी दोघींना सारखंच वाचणार आहे," त्या म्हणाल्या.

"तसंच वाचा," मी म्हणाले. आणि सायकलचं कुलूप काढायला लागले.

नंतरचे महिने कामाचे गेले. तिन्ही शाळांनी निबंधांची अदलाबदल चालू ठेवली. गणिताच्या तासाला रोज थोडा वेळ नुसता शब्दांसाठी ठेवला, आणि त्याचे तक्ते तिन्हीकडे एकच. बुधवारी दुपारी कालव्यापलीकडच्या शाळेत तिन्ही शाळांच्या मुलांसाठी एकत्र अभ्यासवर्ग सुरू झाला. मी तिथे गणित घ्यायला जायचे. 'ऊम' आणि 'आउफ' शिकवताना मला मराठीची फार मदत झाली. आपल्याकडे 'पाचाने' आणि 'पाचावर' यांत गोंधळ व्हायचं कारणच नाही. मी फळ्यावर एक शिडी काढायचे. पाच पायऱ्या चढा, की पाचव्या पायरीवर जा? मुलं खरोखर बाकावरून उड्या मारून दाखवायची.

मे महिन्यात निकाल हातात आले. तळमजल्यावरच्या मुलीला गिम्नाझिउम मिळालं. माझ्या मुलीचं जर्मनमुळे थोडक्यात हुकलं. तिला रेआलशूले.

मी खोटं बोलणार नाही. त्या संध्याकाळी मला धक्का बसला होता. नवरा तो कागद पुन्हा वाचून म्हणाला, "आल्झो, म्हणजे तुझी ती नंबरची आयडिया नसती तर ही आज गिम्नाझिउमला असती."

"गेनाऊ," मी म्हणाले. म्हणजे, अगदी बरोबर.

नातेवाइकांना कळायला वेळ लागला नाही. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. "अगं, इंजिनिअरांची मुलगी आणि दुसऱ्या नंबरच्या शाळेत? तिथल्या कुणाला भेटून बघ जरा." मी म्हटलं, "अहो आई, ज्यांना भेटायचं त्यांना मी आधीच भेटलेय." त्यांना ते कळलं नाही, आणि मला समजावून सांगायची ताकद नव्हती.

एक रस्ता उरला होता. गुण थोडके कमी पडले की गिम्नाझिउममध्ये तीन दिवस बसून परीक्षा देता येते. नवऱ्याने चौकशी करून ठेवली होती. आम्ही लेकीला टेबलाशी बसवलं. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते.

"बसायचंय का परीक्षेला?" मी विचारलं. "तुझी इच्छा असेल तर मी रोज अभ्यास घेईन."

"नाइन," ती म्हणाली. म्हणजे नको. मग माझ्याकडे बघून हळू, जणू मीच लहान असल्यासारखं म्हणाली, "आई, दास इस्ट दोख मायने नोटं."

ते माझेच गुण आहेत ना, असं ती म्हणत होती. तिने रेआलशूलेचं माहितीपत्रक पुढे ओढलं आणि एका फोटोवर बोट ठेवलं. कार्यशाळेत मुली लेथवर काहीतरी बनवत होत्या. हे मला करायचंय, असं ती म्हणाली. मला तिथे घाईत लिहायला कुणी लावणार नाही, असंही म्हणाली.

नवऱ्याने उठून तिच्यासाठी धिरडं टाकलं. तिच्या आवडीचं, कडा कुरकुरीत करून.

मी नागपूरला आईला फोन केला. सगळं सांगितलं, अगदी हुकल्याचंही. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. तिने आयुष्यभर मला वरच्या वर्गात बसवण्यासाठी जिवाचं रान केलं होतं. ती म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या पोरीला माझ्यातर्फे काहीतरी घेऊन दे. चांगलं पेन घे." आणि मग, "आपल्या पोरीलाही घे. जे मिळालं नाही ते तिने मागून घेतलं नाही, हे काय थोडं आहे?" मला तेव्हा रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. माझा ऊर भरून आला होता. आईच्या बाजूनेही आणि लेकीच्या बाजूनेही.

आता दोघी सातवीत आहेत. माझ्या मुलीने मागच्या महिन्यात शाळेत एक पितळी दिवा बनवला. तो दिवा ती मला नुसता दाखवते, हात लावू देत नाही. तिच्या जर्मनला आता दोन मिळतात, आणि ते दोन मी बिनधास्त मान्य करते. शेजारच्या शहरातल्या शाळांनीही आमच्यासारखाच गट सुरू केला. त्यांचे शिक्षक आमच्याकडे गुरुवारचं काम बघायला येऊन गेले. माझ्या मुलीच्या बाई निवृत्त झाल्या. बुधवारच्या वर्गाला मात्र अजून येतात, आणि मुलांच्या गोष्टी मोठ्याने वाचून दाखवतात.

परवा तळमजल्यावरच्या मैत्रिणीने मला तिच्या मुलीच्या शाळेत बोलावलं. गिम्नाझिउमच्या पालक समितीत ती निवडून आली आहे, पहिलीच बैठक होती. ती वृद्धाश्रमातून थेट आली होती, केस घट्ट बांधलेले, अंगात निळा स्वेटर. मी मागच्या रांगेत बसले. आधी सहलीचा विषय झाला, मग कॅन्टीनचा. मग तिने हात वर केला आणि उभी राहिली. बसूनही बोलता आलं असतं.

"पाचवीत आलेली काही मुलं सातवीपर्यंत खालच्या शाळांत परत जातात," ती म्हणाली. "ती कोणती मुलं असतात, हे कुणी बघितलंय का? आणि दुसऱ्या गिम्नाझिउमना हे आपण मिळून विचारू शकतो का?"

तिचं जर्मन स्वच्छ होतं, माझ्यापेक्षा कितीतरी बरं. मुख्याध्यापकांनी पेन उघडून लिहून घेतलं. एक वडील म्हणाले, हा अवघड विषय आहे. ती म्हणाली, "हो, म्हणूनच संध्याकाळी लवकर सुरू करूया." लोक हसले, आणि दोघा-तिघांनी तिच्यासोबत काम करायला आपापली नावं दिली. माझ्या शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "तुम्ही ओळखता त्यांना?"

"हो," मी म्हणाले. "आमच्याच इमारतीतल्या आहेत."